फिल्टरची आतली बाजू

ऑइल दहा हजार किलोमीटरला, कूलंट दोन वर्षांनी, एसीचा फिल्टर वर्षातून एकदा. गाडीचं काय कधी बदलायचं ते मी डायरीत लिहून ठेवते आणि घरचे त्यावरून माझी टर उडवतात. पण एसीचा फिल्टर यंदा तिसऱ्यांदा काळा पडला, तेव्हा मेकॅनिककाकांनाही हसू आलं नाही.

त्यांनी तो काढून उजेडात धरला. "बाहेरची हवा यातून गाडीत येते. म्हणून धूळ नेहमी बाहेरच्या अंगाला बसते. तुमची ती बाजू कोरी करकरीत आहे. काळी झालीय ती आतली."

मी बोट लावून पाहिलं. आतली बाजू ओलसर होती. आणि कोमट.

"गाडीत रोज किती जण असता?"

"मी एकटीच."

काका नवा फिल्टर बसवून बराच वेळ हात पुसत राहिले. मी डायरी उघडली. "पुढची तारीख काय लिहू?"

"तारीख नका लिहू. रोज बघत जा."

घरी पोहोचले, इंजिन बंद केलं. काचा वरच होत्या. बाहेर थंडी होती, त्यामुळे शेजारच्या रिकाम्या सीटसमोरची काच धुरकट झाली. माझाच श्वास असणार, असं म्हणून मी तो रोखून धरला.

काच स्वच्छ झाली. पुन्हा धुरकट झाली. पुन्हा स्वच्छ, पुन्हा धुरकट, संथपणे, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी.

माझ्या हातातली किल्ली वाजली.

काचेवरची वाफ विरली आणि परत आली नाही. आता आम्ही दोघंही श्वास रोखून बसलो होतो.