रंभाचा श्वास

आरमोरी मागे पडलं तेव्हा डॉक्टर मंजुषाच्या अंगठ्यात पेटका आला. कुरखेड्यापासून ती रुग्णवाहिकेत गुडघ्यांवर बसून रबरी पिशवी दाबत होती. एक दाब, की रंभाच्या छातीत एक श्वास. शेवटी तिनं पिशवी रंभाच्या नवऱ्याच्या हातात दिली.

"गोपालभाऊ, सावकाश. तुमचा एक श्वास, तिचा एक."

रंभाला पहाटे भुईवर झोपेतच मण्यार चावली होती. आधी पापण्या मिटल्या, मग जीभ जड झाली, मग मान पडली. इंजेक्शनं दिली होती. तरी बोटसुद्धा हलत नव्हतं.

समोरच्या बाकावर सासरा, भैयाजी, अंग चोरून बसला होता. "मॅडम, गाडी फिरवा. पोरगी गेली. तिकडं मोठ्या दवाखान्यात चिरफाडच करतीन. घरी नेतो, माती तरी धड होईन."

"मलेबी तसंच वाटून राह्यलं," गोपाल म्हणाला. पिशवीवरचे हात सैल झाले.

"दाबा!"

गोपालनं दाबली.

"ती जिवंत आहे," मंजुषा म्हणाली. हेच ती तिसऱ्यांदा सांगत होती. "आपल्या मर्जीनं हलतात ते स्नायू या विषानं बंद पडलेत. हात, पाय, पापण्या, श्वास ओढणारा छातीखालचा पडदासुद्धा. हृदयाचा स्नायू वेगळा. तो चालू आहे, ही मशीनवरची रेघ बघा. आणि ती सगळं ऐकते आहे."

"मशीन काईबी दाखवते."

"मग मनगट धरून नाडी पाहा."

भैयाजीनं हात मागे घेतला. "सून हाय माही. सासरा सुनेले हात लावते का?"

पुढं रस्त्यावर म्हशी आडव्या आल्या. गाडी थांबली. चालकानं इंजिन बंद केलं. त्या शांततेत रंभाचं पोट गुरगुरलं. चांगलं लांबलचक.

गोपालनं मंजुषाकडं पाहिलं.

"आतड्यांचे स्नायू," ती म्हणाली. "तेही कोणाला विचारून हलत नाहीत."

"भुकेली हाय ते," भैयाजी म्हणाला. "काल धानाच्या रोवण्यातून आली अन् तशीच झोपली."

म्हशी गेल्या. गाडी निघाली. गोपालचे हात आता भरून आले होते आणि दाब चुकत होते. मंजुषानं हात पुढे केला, पण तिचा अंगठा वळेना.

"सरक," भैयाजी म्हणाला.

"बाबा, तुमी?"

"सरक म्हणलं ना."

तो सुनेच्या उशाशी येऊन बसला. पहिला दाब अर्धाच पडला. मग त्यानं तोंड उघडून मोठा श्वास घेतला, दाबली. पुन्हा घेतला, दाबली. बराच वेळ तो तिच्या चेहऱ्याकडं न पाहता फक्त पिशवीकडं पाहत होता.

"गोपाल."

"हव, बाबा."

"तिले सांग, मातीचं मी असंच बोललो म्हणावं."