एका सकाळच्या तीन सभा

ओस्वाल्डने शेजारी बसलेल्या ग्रॅहमचा हात हातात घेतला आणि हलवला. सभा संपली.

थॉर्नगिल गावातल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या सभाघरात सभा अशीच संपते. पाद्री नाही, घंटा नाही, गाणं नाही. सगळे तासभर गप्प बसतात. कुणाला आतून बोलावंसं वाटलं तर तो उठून चार शब्द बोलतो. शेवटी समोरच्या बाकावरचा वडील माणूस शेजाऱ्याचा हात हातात घेतो, आणि मग सगळेच एकमेकांचा हात हातात घेतात. कित्येक वर्षं तो पहिला हात ओस्वाल्डचा असे. आता ते काम ग्रॅहमकडे आलं होतं. पण बाकावरची ओस्वाल्डची जागा कुणी बदलली नव्हती, आणि त्याच्या हाताला हे कुणी सांगितलं नव्हतं.

अडचण एवढीच होती, की सभा नुकती कुठे सुरू झाली होती. शेगडीतला कोळसासुद्धा अजून नीट पेटला नव्हता.

ग्रॅहमने घड्याळाकडे पाहिलं नाही. आलेला हात त्याने दोन्ही हातांनी धरला आणि मग पलीकडे वळून पुढच्याचा धरला. बाकाबाकांवरून हात फिरत गेले.

"गुडघा कसाय तुझा?"

"आहे जागेवर. तुझी मेंढी व्यायली का रे?"

मागच्या बाकावर दाराशी बसलेली एडिथ, ओस्वाल्डची बायको, उठून उभी राहिली. तिचा चेहरा लालेलाल झाला होता. आत येताना, ओवरीत कोट काढतानाच ती प्रूडन्सला म्हणाली होती, "गेल्या रविवारी मध्येच उठून कुत्र्याला हाका मारत बसला. कुत्रा मरून किती वर्षं झाली! आज पुन्हा काही झालं ना, तर यापुढे आणायची नाही मी त्याला. आम्ही दोघं घरीच बसू. लोक आठवडाभर या शांततेची वाट बघतात, त्यात आमचा बिब्बा कशाला?"

शेजारी बसलेल्या प्रूडन्सने आता एडिथची बाही धरली.

"कुठे निघालीस?"

"सोड. सभा संपली ना."

"ती संपली. आता दुसरी बसतेय. खाली बस."

एडिथने मान वळवून पाहिलं. कुणीही चहाच्या खोलीकडे गेलं नव्हतं. सगळे परत आपापल्या जागी टेकले होते. खोकले थांबले, बूट स्थिर झाले. कुंपणापलीकडे एक कोकरू आईला शोधत ओरडत होतं, आणि मग तेही थांबलं. एडिथ बसली.

शांतता हळूहळू खाली उतरली, भांड्याच्या तळाशी गाळ बसावा तशी.

आणि ओस्वाल्डने पुन्हा ग्रॅहमचा हात हातात घेतला.

या खेपेला कुठेतरी कुणीतरी खुदकन हसलं. ते हसू बाकावरून बाकावर गेलं, त्याच्या मागोमाग हातही गेले. ओस्वाल्ड सगळ्यांकडे समाधानाने बघत होता. सभा चांगली झाली की तो पूर्वीपासून असाच बघायचा.

"जन्मभर येतेय मी इथे," प्रूडन्स खड्या आवाजात म्हणाली. "एका रविवारी एकच सभा मिळायची. आज तिसरी! ओस्वाल्ड, इतका उदार तू कधीपासून झालास रे?"

"कोळसा आहे तोवर बसा," ओस्वाल्ड म्हणाला, आणि आता सगळेच मोकळेपणाने हसले.

एडिथ हसली नाही. तिने हातमोजे चढवले, काढले, परत चढवले. प्रूडन्स तिच्या कानाशी वाकली.

"जा, त्याच्या शेजारी जाऊन बस. ग्रॅहमचा हात दुखायला लागला असेल."

एडिथ समोरच्या बाकाकडे गेली. ग्रॅहमने उठून तिला जागा दिली आणि तो मागे जाऊन बसला. त्या बाकावर ती कधीच बसली नव्हती. तिथून सगळ्यांचे चेहरे दिसत होते, आणि एकही चेहरा तिच्याकडे बघत नव्हता. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. तिनेही मिटले.

तिसरी सभा लांबली. कोळसा लाल झाला. बर्फ वितळून छपरावरून ठिबकत होतं, ते ऐकू येत होतं. ओस्वाल्डचे हात मांडीवर पडून होते. आयुष्यभर मेंढ्यांची लोकर कातरलेले, रुंद, ओबडधोबड हात. एडिथ त्यांच्या हालचालीची वाट बघत राहिली, आणि मग वाट बघायचीही विसरली.

कधीतरी त्याने तिचा हात हातात घेतला.

त्याने तिच्याकडे निरखून पाहिलं. नव्या माणसाकडे बघावं तसं.

"पहिल्यांदाच आलात का, बाई?"

एडिथचे ओठ हलले.

"हो."

"बुजू नका. इथे बोलावंच लागतं असं नाही. चुकायला काही नसतंच इथे, नुसतं बसायचं." त्याने तिचा हात थोपटला. "पुढच्या रविवारी याल ना?"

सभाघरात कुणी उठलं नव्हतं. प्रूडन्स खाली मान घालून आपल्या बुटांकडे बघत होती.

"येईन," एडिथ म्हणाली. "माझ्या नवऱ्यालाही आणलं तर चालेल?"

"आणा की! विचारताय काय?"

आणि तिचा हात न सोडताच, त्या नवऱ्याला जागा व्हावी म्हणून, ओस्वाल्ड बाकावर थोडा सरकून बसला.