रोजचा एक अध्याय

साहेबांनी यंत्र हातात घेतलं, कुठलीशी बटणं टकटक दाबली आणि विचारलं, “आजी, दीड महिन्यात फक्त पंधरा तास?”

यशोदाबाईंना ती शाबासकीच वाटली. काचबिंदूने डोळे नेले, तरी वस्तू सांभाळून वापरायची रीत काही गेली नव्हती. साहेबांच्या पुण्याच्या संस्थेने हे बोलकं यंत्र धरणगावच्या वाचनालयाला चाचणीसाठी दिलं होतं आणि वाचनालयाने ते आपल्या एकमेव अंध वाचकाच्या, म्हणजे त्यांच्याच, हवाली केलं होतं. टेपसारख्या कॅसेटी बदलायची कटकट नाही, एका चकतीत अख्खी कादंबरी. चाचणी चांगली झाली तर यंत्र इथेच कायमचं राहणार, असं वाचनालयाच्या सुकदेवभाऊंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आता चांगली चाचणी म्हणजे काय, हे बाईमाणसाला कुणी शिकवायला हवं का?

“रोजना एक अध्याय, साहेब,” त्या अभिमानाने म्हणाल्या. “एक म्हंजे एकच. दखा, कोठे वरखडा तरी शे का!”

“पण एकच का? कंटाळा यायचा?”

कंटाळा! यशोदाबाईंना हसूच आलं. डोळे होते तोवर चातुर्मासात या ओसरीवर त्यांनी पंचवीस वर्षं पोथी वाचली होती. दिवसाला एक अध्याय, ना कमी ना जास्त. पोथी अशीच वाचतात. डोळे गेले, पोथी बंद पडली आणि गल्लीतल्या बायाही यायच्या थांबल्या. यंत्र आलं त्या संध्याकाळी शेजारची वच्छलाबाई सहज डोकावली ती खांबाला टेकून बसलीच, आणि आठवड्याभरात ओसरी पुन्हा भरली. आतली कथा होती एका वकिलाची आणि एका खुनाची. पण बाया डोक्यावर पदर घेऊन ऐकायच्या, अध्याय संपला की हात जोडायच्या. वकिलाचं लग्न लागलं त्या दिवशी तर कुणीतरी साखरही वाटली. खुनी कोण, यावरून दिवसभर नळावर भांडणं व्हायची. पण पुढचा अध्याय आजच लावा असं म्हणायची एकीचीही छाती नव्हती.

हे सगळं त्यांनी साहेबांना सांगितलं. सांगता सांगता त्यांचा चेहरा फुलून आला. “मी एकलीच नही ऐकत, साहेब. चौदा जनी आठे ओसरीवर बसतस.”

कागद उलटल्याचा आवाज आला.

“इथे वाचकसंख्या एक लिहिली आहे,” ते म्हणाले.

“कार्ड एकाच नावावर असतं ना साहेब,” साहेबांबरोबर आलेले सुकदेवभाऊ चाचरत म्हणाले. “वाचनालयाचा नियमच आहे. एक कार्ड, एक वाचक.”

“बरोबर आहे तुमचं.” साहेब माणूस वाईट नव्हता. खुर्ची पुढे ओढून ते यशोदाबाईंच्या जवळ बसले आणि हळू आवाजात बोलू लागले. अशी दहाच यंत्रं आहेत. कुठे किती तास चालली, ते यंत्रच मोजून ठेवतं. पुण्यात एक मुलगा तीनशे तास ऐकतो, नाशिकचे एक वकील अडीचशे. जिथे शंभरच्या आत वापर, तिथलं यंत्र काढून दुसरीकडे द्यायचं, असं वरच ठरलं आहे. “यंत्राला तास कळतात, आजी. ओसरीवर किती जणी बसल्या, ते नाही कळत.”

यशोदाबाईंना आधी अर्थच लागेना. मग लागला.

“म्हंजे जास्ती ऐकं तर यंत्र आठेच ऱ्हास?”

“हो.”

“सुकदेवभाऊ, हाई माले कोन्ही सांगं नही!”

“मालेबी ठाऊक नव्हतं, अक्का,” सुकदेवभाऊ म्हणाले. त्यांचा आवाज रडवेला झाला होता.

यशोदाबाईंनी हात पुढे केला. चाचपडत यंत्र सापडलं. साहेबांच्या मांडीवर होतं ते. “आते लावा, साहेब. रातदिन चालू ठेवसू. मी झोपसू नही. शंभर तास व्हतस तोवर येवढं ऱ्हाऊ द्या.”

“आजचा आकडा मी लिहून टाकला आहे,” साहेब म्हणाले. “आणि यंत्र आजच न्यायचं आहे.” थोडं थांबून ते पुढे म्हणाले, “गाडीला अजून अर्धा तास आहे. शेवटचा अध्याय लावू का? खून कुणी केला ते तरी कळेल.”

यशोदाबाईंनी नकारार्थी मान हलवली. मधले अकरा अध्याय टाकून शेवट ऐकायचा? आणि तोही एकटीने? संध्याकाळी बाया आल्या की त्यांना काय तोंड दाखवायचं! त्यांनी यंत्रावरचा हात काढून घेतला.

साहेबांनी यंत्र पेटीत ठेवलं, खटके लावले. एक कागद भरायचा राहिला होता. पेनाचं टोपण काढून ते जरा अवघडून म्हणाले, “एक रकाना आहे, आजी. वापर कमी होण्याचं कारण. चौदा बायका, पोथी, एवढं सगळं मावणार नाही त्यात. दोन-चार शब्दांत सांगा, काय लिहू?”

यशोदाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

“लिखा,” त्या म्हणाल्या, “बाईले वाचानी गोडी नही.”

साहेबांनी लिहिलं.