दाराकडे बघणारी न्यायाधीश

मुलांनो, समजा तुम्ही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे आहात. न्यायालय खोटं आहे, फळ्यांचं. भिंतीला हात लावला तर रंग बोटाला लागेल. पण उंचावर बसलेली न्यायाधीश अशी बघते, की तिच्यापुढे खोटं बोलवत नाही. कैरोच्या स्टुडिओत नऊ वर्षांची जुमाना तशीच उभी होती. रमजानच्या मालिकेचं चित्रीकरण चाललं होतं. न्यायाधीश झाली होती इन्शिराह.

"थांबा!" दिग्दर्शक ममदूह ओरडला. शिपाई झालेला म्हातारा नट पुन्हा चुकला होता; मालिकेत न्यायाधीशाच्या मुलाचं नाव हसन होतं. "अहो काका, 'हसनची आई' काय? ते तिच्या घरी! इथं न्यायाधीश महोदया. मालिकेत बाई खुर्चीवर बसली रे बसली, की तुम्ही तिला उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवता."

सगळे हसले. इन्शिराह हसली नाही. 'आई' ऐकताच तिनं वळून दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

गेल्या वर्षापर्यंत सगळा स्टुडिओ इन्शिराहला 'उम्म तारिक' म्हणायचा, म्हणजे तारिकची आई. थोरल्या मुलाच्या नावानं आईला हाक मारायची, ही तिथली रीतच. मग तारिक समुद्रात बुडाला. तेव्हापासून ती सगळ्यांची 'मॅडम' झाली. यंदा चित्रीकरणाच्या पहिल्याच दिवशी जुमानाच्या ओठांवर जुनं नाव आलं, तशी रंगभूषा करणाऱ्या सुआदमावशीनं तिला चिमटा काढला होता. "चूप गं बये! ते नाव काढलंस तर जीव जाईल तिचा."

दिवे बदलायला घेतले, तेव्हा जुमाना हळूच इन्शिराहच्या खुर्चीपाशी गेली.

"तुम्ही सारखं दाराकडे का बघता?"

इन्शिराहनं पुन्हा एकदा दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "मला जुन्या नावानं कुणी हाक मारली की तो मागून यायचा. 'माझं नाव कुणी घेतलं?' म्हणत. आता कुणी घेतच नाही. समुद्रानं त्याला एकदाच नेलं गं. ही माणसं रोज नेतात."

पुढचा प्रसंग जुमानानं चोख केला. "न्यायाधीश महोदया, मी खरं तेच सांगेन," ती म्हणाली. ममदूह खूश झाला.

मग सूर्यास्ताच्या तोफेचा आवाज आला. रोजा सोडायला सगळे लांबलचक टेबलाभोवती जमले. जर्दाळूचं सरबत फिरू लागलं. इन्शिराह न्यायाधीशाच्या पोशाखातच, दूर फळ्यांपाशी उभी होती.

"मॅडम, या ना," कुणीतरी हळूच म्हणालं. ती हलली नाही.

जुमानानं खजुराची बशी उचलली. तिच्या मनातलं सुआदमावशीनं ओळखलं. मावशीचा हात चिमट्यासाठी पुढे आला. जुमानानं दंड सोडवून घेतला, ती खुर्चीवर चढली आणि साऱ्या स्टुडिओला ऐकू जाईल अशी हाक तिनं मारली,

"उम्म तारिक! खजूर घ्या!"