आडवी आलेली गाडी

"ते जुनं डिझेल इंजिन भंगारात गेलं, उमेशदादा!" मिथुन रेल्वेप्रेमींच्या ग्रुपवर रोज चिडवायचा. उमेश मात्र हटून बसला होता, की तेच इंजिन नव्याने बांधून पुन्हा रुळावर आलंय, फोटोच दाखवतो.

आज सकाळपासून तो डहाणू स्टेशनवर उन्हात ठाण मांडून होता. मालगाडी ओढत येणाऱ्या त्याच इंजिनाची ओळखीची धडधड ऐकू आली, त्याने मोबाइल उचलला आणि नेमकी सुरतेची गाडी मध्ये येऊन उभी राहिली.

"मेली, हिला आत्ताच कडमडायचं होतं!" उमेशने कपाळ बडवलं.

त्याच गाडीतून त्याची होस्टेलला राहणारी लेक उतरली. तिचे डोळेच भरून आले. "बाबा, तुम्ही चक्क मला घ्यायला आलात?"



"म्हणजे काय! गाडी वेळेवर आली, बरं झालं," म्हणत त्याने तिची बॅग खांद्याला लावली.