डाव्या कोपऱ्यातला हिरवा रंग

ज्या माणसानं सहा वर्षांत गाडीवर कधी ओला फडका फिरवला नव्हता, तो रविवारी सकाळी साडेसातला दोन बादल्या घेऊन फाटकाशी उभा. एक साबणाच्या पाण्याची, एक फडका खळबळायला. गाडीची किल्ली पाण्यात पडू नये म्हणून दोरीनं गळ्यात अडकवलेली. दुसरी उन्हाळ्यात हरवल्यापासून घरात ती एकच होती. बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. हातातला चहा निवला तरी हलली नाही.

काल खोकं आलं होतं. त्यात पॉलिश, मेणाचा डबा, मऊ फडकी आणि राखाडी मातीचा एक गोळा. साबणाच्या पाण्यावरून हा गोळा फिरवला की रंगात रुतून बसलेली बारीकसारीक घाण तो ओढून घेतो म्हणे.

"एवढी हौस कुठून आली?" तिनं विचारलं होतं.

"गाडी गाडीसारखी ठेवायला नको?"

हे कोण बोलतंय, तर ज्याला स्वतःचे बूट पुसायची आठवण करून द्यावी लागते तो! कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि कुठे मुरतंय तेही तिला ठाऊक होतं. मंगळवारी संध्याकाळी कोपऱ्यावरच्या शिंप्याला एका गाडीनं सायकलसकट उडवलं. मांडीचं हाड मोडलं, तो अजून हॉस्पिटलात होता. गाडी पांढरी होती आणि थांबली नाही, एवढंच त्याला सांगता आलं. यांचीही गाडी पांढरीच. शिंप्याची सायकल मात्र पोपटी हिरवी. तसली दुसरी सगळ्या रस्त्यावर नव्हती.

चार दिवस तिला झोप नव्हती. माणसाला पाडून हा पळून आला आणि वर आपल्या शेजारी घोरतोय, हे काही केल्या तिच्या गळी उतरत नव्हतं.

व्हरांड्यात सासरे खुर्ची टाकून बसले होते. चाळीस वर्षं बस चालवलेला माणूस. डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून सांगितल्यापासून ते नुसतं तोंडानं चालवत.

"आधी टप घे रे! घाण वरून खाली येते. खालून लागलास तर जन्मभर धूत बसशील."

"हो बाबा."

पण त्यानं टपाला हात लावला नाही. गोळा घेतला आणि थेट पुढच्या डाव्या कोपऱ्याशी उकिडवा बसला. दोनदा घासलं की गोळा मुडपायचा, पुन्हा दोनदा, पुन्हा मुडपायचा.

तिनं कप ठेवला आणि चपला न घालताच बाहेर आली.

"दाखवा."

"काय?"

"तो गोळा."

"अगं, घाण आहे त्यात."

"तीच बघायचीय."

तिनं त्याच्या हातातून गोळा ओढून घेतला आणि घडी उघडली. आत पोपटी हिरवा रंग होता.

"मंगळवारी कुठे होतात?" तिनं विचारलं.

त्यानं व्हरांड्याकडे पाहिलं. "हळू बोल. मी विचारलं का तुला काही? चार दिवसांत चकार शब्द काढला का?"

"मला? मला काय विचारायचंय?"

"तू ताईकडे गेली होतीस ना गाडी घेऊन? मी घरी आलो तेव्हा बॉनेट गरम होतं. बुधवारी शिंप्याचं कळलं, खाली वाकून पाहिलं, तर हे. म्हटलं, घाबरून थांबली नसशील. तुझ्यासाठीच घासतोय गं मी हे."

"मी बसनं गेले! पाचला बाहेर आले तर गाडी जागेवर नव्हती. मला वाटलं, तुम्ही नेलीत."

"मी ऑफिसच्या बसनं जातो. रोज."

क्षणभर तिला इतकं हलकं वाटलं की हसूच यायला लागलं. हा नव्हता तर! त्याचाही चेहरा उजळला. मग दोघांचेही चेहरे एकदमच उतरले.

काठी टेकत सासरे पायऱ्या उतरून आले. बॉनेटवर त्यांनी तळवा टेकला आणि तो सरकवत सरकवत डाव्या कोपऱ्यापर्यंत नेला.

"वा! लोण्यासारखी झालीय. आता तुम्हाला सांगायला हरकत नाही, मंगळवारी जरा नेली होती मी. रागावू नका. हात विसरत नाही रे! चाळीस वर्षांत एक ओरखडा नाही आपल्या नावावर. फक्त कोपऱ्यावर तो खड्डा झालाय बघ, तो बुजवायला सांग कुणाला तरी. डावं चाक असं आपटलं, जीभ चावली मी."

कोपऱ्यावर खड्डा नव्हता. गेल्याच महिन्यात तिथला रस्ता नवा झाला होता.

"बाबा..." मुलगा म्हणाला. सुनेनं गोळा मुठीत दाबून धरला.

"असे उभे काय राहिलात दोघं? कपडे बदला. गाडी चकाचक झालीच आहे, तर त्या शिंप्याला बघून येऊ. भला माणूस बिचारा. कोण मेला चालवत होता कुणास ठाऊक, डोळे फुटले होते की काय त्याचे!"

आणि सदऱ्याच्या खिशातून उन्हाळ्यात हरवलेली किल्ली काढून ते गाडीच्या दाराची मूठ चाचपू लागले.