सिरिंजमधलं पांढरं

डॉक्टर निरंजनने बाळाच्या छातीतली सुई हृदयाच्या आवरणापर्यंत नेली आणि हलकेच ओढली. सिरिंजमध्ये पांढरं आलं. अगदी दुधासारखं.

काचेपलीकडून शारदाआजींनी ते पाहिलं आणि आपलं बोट लुगड्याला घासून पुसलं.

नऊ दिवसांचं, किलोभराचंही नसलेलं त्यांचं नातवंड थोड्या वेळापूर्वी एकाएकी निळं पडलं होतं. नेमकं तेव्हाच आजींनी सुनेचं दूध बोटावर घेऊन त्याच्या ओठांना लावलं होतं. लेकराचं तोंड कोरडं राहू नये, एवढंच. निरंजन सगळ्यांसमोर कडाडला, "दूध श्वासात गेलं याच्या. जीव घ्यायला आलात का?" रागात माणसाला सगळ्यांच्या चुका दिसतात, आपली तेवढी दिसत नाही. मग सोनोग्राफीत हृदयाभोवती पाणी दिसलं आणि त्याने सुई उचलली.

आता ठोके सावरले. बाळ गुलाबी झालं. निरंजनने सिरिंज उजेडात धरून पुन्हा पाहिली. श्वासात गेलेलं दूध हृदयाभोवती साचत नाही. तिथे जायला वाट एकच होती, त्याने स्वतः शिरेत घातलेली नळी. तिच्यातूनच बाळाला पोषणाचं पांढरं औषध चढत होतं, आणि नळीच्या टोकाने हृदयाची भिंत टोचून ते बाहेर झिरपलं होतं. काल एक्स-रे पाहून सिस्टर गोदावरी म्हणाली होती, "सर, नळीचं टोक हृदयात दिसून राहिलं. जराशी मागे घेऊ?"

"उद्या पाहू," तो म्हणाला होता. त्याला शंकर नगरला एका लग्नाला जायचं होतं.

गोदावरीने न विचारता औषधाचा पंप बंद केला. ती कुठे बोलणार नव्हती, हे त्याला ठाऊक होतं.

तो बाहेर आला. आजी पिशवी घेऊन उभ्या होत्या.

"मी वर्ध्याले जातो, डॉक्टर. माही सावली नको त्याच्यावर. चित्राले सांगा, सासूनं मुद्दाम नाही केलं."

झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प राहिलं की झालं. पण समोरच्या म्हातारीचा चेहरा पाहून निरंजनला स्वतःची किळस आली. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"आजी, ते तुम्ही लावलेलं दूध नव्हतं. माझ्या नळीतलं औषध होतं. नळी कालच मागे घ्यायला हवी होती. मी टाळलं."

आजींनी पदराने डोळे पुसले.

"ओरडले तवा सगळ्यांपुढं ओरडले, डॉक्टर. मंग हे कानात काहून सांगून राहिले?"